हॉट टब सुरू केला की आरसीसीबी पडते : पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येणारी तक्रार आणि सुरक्षित वायरिंगची निवड

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूच्या एका घरातून मला फोन आला. "दादा, टबाच्या दांडीला हात लावला की आबांच्या हाताला झिणझिण्या येत्यात, जरा येऊन बघा की," असे त्या घरच्या वहिनी सांगत होत्या. आबांचे तरुणपण तालमीत गेलेले. आता गुडघे साथ देत नाहीत आणि गरम पाण्यात अर्धा तास बसल्यावर चालणे सुकर होते, म्हणून मुलाने गच्चीवर शेड घालून चार माणसांचा हॉट टब बसवला होता. मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की आधी टब सुरू केल्यावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा बोर्डातला स्विच, पडत होती का. मागचा संपूर्ण पावसाळा पडत होती, एकदा ती बदलूनही घेतली, तरी पडतच राहिली, आणि अखेर एका वायरमनने "काहीतरी केल्यावर" पडायची थांबली, असे उत्तर मिळाले. हे "थांबली" ऐकताच टबाचा पुरवठा बंद करून माझ्या येण्यापर्यंत कोणालाही गच्चीवर जाऊ न देण्याची विनंती मी त्यांना केली.

टबाच्या तळाशी कंट्रोल बॉक्सचे झाकण उघडल्यावर कारण समोर दिसले. अर्थिंगची हिरवी वायर टर्मिनलपासून कापून, टेप गुंडाळून बाजूला सारलेली होती. आरसीसीबीची "कटकट" मिटवण्याचा हा मार्ग आपल्याकडे किती ठिकाणी वापरला जातो हे मी वीस-बावीस वर्षांच्या कामात पाहत आलो आहे, आणि हे लिहिण्याचे कारणही तेच आहे. गळणारा प्रवाह अर्थिंगच्या वायरने जमिनीकडे जातो म्हणून आरसीसीबीला तो कळतो; ती वायर कापली की गळती थांबत नाही, तिला केवळ रस्ता उरत नाही, आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस दांडीला हात लावतो तेव्हा तिला तो रस्ता मिळतो. आरसीसीबी पडणे हा बिघाड समजून तिला गप्प केले जाते. वास्तविक ती एक मोजमाप सांगत असते, आणि ते मोजमाप वाचायला शिकलो तर बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा झाकण उघडण्यापूर्वीच कळते.

आरसीसीबी काय मोजते हे आधी नीट समजून घ्यावे लागेल. तिच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायर एकाच गाभ्यातून जातात. फेजने जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलने परत आला तर ती स्वस्थ राहते, आणि दोन्हींत फरक पडला तर तेवढा प्रवाह दुसऱ्या कोणत्यातरी वाटेने जमिनीत गेला असा अर्थ घेऊन पुरवठा तोडते. घरगुती संरक्षणासाठीची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते, पण मानकानुसार ती १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकते, त्यामुळे अठरा-वीस मिलिअँपिअरला पडणारी आरसीसीबी खराब ठरत नाही. जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडणे हे तिचे काम नाही. ते एमसीबीचे काम आहे. म्हणून तक्रार सांगताना "स्विच पडतो" एवढे म्हणून भागत नाही. कोणता खटका खाली आला हे पाहून सांगावे. दोन्ही कामे एकाच यंत्रात करणारी आरसीबीओ जागा वाचवते, पण ती पडल्यावर गळतीमुळे पडली की भारामुळे हे बहुतेक मॉडेलांत बाहेरून कळत नाही, म्हणून टबासाठी मी आरसीसीबी आणि एमसीबी वेगवेगळ्या बसवणे पसंत करतो.

कधी पडते, यावरून काय समजावे

टबाचा कोणताही भाग सुरू केल्याबरोबर, पहिल्याच सेकंदाला आरसीसीबी पडत असेल, तर सर्वात आधी न्यूट्रल तपासावा. नवीन टबाचा फेज स्वतंत्र आरसीसीबीतून घेतलेला असतो आणि न्यूट्रल मात्र जवळच्या जुन्या लिंकवरून (न्यूट्रल वायर एकत्र जोडण्याची पट्टी), म्हणजे आरसीसीबीला वगळून घेतलेला असतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा जोडणीत टब निर्दोष असला तरी गेलेला प्रवाह आरसीसीबीतून परत येतच नाही आणि ती पडणारच. घरात इन्व्हर्टर असेल तर ही शंका अधिक घट्ट होते, कारण इन्व्हर्टर बसवताना सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एका जागी पिळून टाकण्याची सवय अनेकांना असते, आणि वीज गेल्यावर किंवा परत आल्यावरच आरसीसीबी पडत असेल तर ते पिळलेले न्यूट्रल सोडवून प्रत्येक आरसीसीबीचा न्यूट्रल वेगळा केल्याशिवाय प्रश्न सुटत नाही.

टब बंद आहे, त्याची एमसीबीही खाली आहे, आणि तरीही आरसीसीबी पडते, ही तक्रार ऐकून घरचे लोक चक्रावतात. इथे बहुतेक वेळा टबाच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकलेले असतात. एकपोली एमसीबी केवळ फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि त्याच आरसीसीबीवरचा घरातला दुसरा भार चालू झाला की त्याच्या न्यूट्रलचा काही हिस्सा त्या टेकलेल्या जागेतून अर्थिंगमध्ये निघून जातो. म्हणून टबाच्या सर्किटला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी दोनपोली एमसीबीच असावी, म्हणजे बंद केल्यावर टब खऱ्या अर्थाने सुटा होतो आणि दोष शोधतानाही अर्धे काम तिथेच संपते.

पंप व्यवस्थित चालतो, पण हीटर सुरू झाला की काही सेकंदांत किंवा काही मिनिटांत आरसीसीबी पडते, असे असेल तर हीटरचा एलिमेंट संशयित आहे. एलिमेंटमधील तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता वाहून नेते आणि वीज अडवते, परंतु ती हवेतील ओलावा शोषून घेते. एप्रिल-मेच्या उकाड्यात टब वापरला जात नाही, जूनमध्ये पाऊस लागतो, टोकाच्या सीलमधून ओलावा आत शिरतो, आणि जुलैत पहिल्यांदा बटण दाबले की गळती सुरू होते. एवढाच दोष असेल तर एलिमेंट काढून कोरड्या उबेत वाळवल्यावर त्याचे इन्सुलेशन पुष्कळदा परत येते. पण बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर नळीवर जमला असेल, तर त्या थराखाली नळी जास्त तापते, तिला बारीक भेगा पडतात, आणि अशा एलिमेंटला वाळवत बसण्यात अर्थ नाही, तो बदलावा. हे ठरवण्यासाठी मल्टिमीटर पुरेसा नाही, कारण त्याच्या बॅटरीच्या थोड्या व्होल्टेजला ही गळती दिसतच नाही. एलिमेंटची दोन्ही टोके आणि अर्थिंग सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावावा. कंट्रोल बॉक्समधील इलेक्ट्रॉनिक कार्ड जोडलेले असताना मेगर मारू नये, कार्ड जळते. हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु दर वर्षी असे एखादे जळालेले कार्ड माझ्यासमोर येते.

आरसीसीबी केवळ पावसानंतर पडते आणि दोन दिवस ऊन पडले की पडायची थांबते, ही कोल्हापुरात सर्वाधिक येणारी तक्रार आहे. इथे टबाकडे न पाहता बोर्डापासून टबापर्यंतची वाट पायी चालून पाहावी. पाइपचा उतार बॉक्सच्या दिशेने असेल तर पाणी वाहत बॉक्समध्ये येते. वायर बॉक्सच्या वरच्या बाजूने आत घेतली असेल तर पाण्याला तेच दार मिळते. आणि गच्चीच्या कठड्याजवळ पाइप संपून वायर उघडी पडली असेल तर तिथे टेप गुंडाळलेला जोड सापडतोच. इन्सुलेशन टेप पाण्यासाठी केलेली नसते. आतमध्ये पाणी साठल्यावर ती ते बाहेर जाऊ देत नाही आणि वाळूही देत नाही, म्हणून टेपचा जोड उघड्या जोडापेक्षाही उशिरा सुकतो. वायर बॉक्समध्ये खालून, ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट आवळली जाणारी तोटी) घ्यावी आणि शिरण्यापूर्वी तिला थोडा खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या झोळावरून खाली टपकते, आत शिरत नाही.

आरसीसीबी शाबूत राहून एमसीबी वीस-पंचवीस मिनिटांनी पडत असेल, तर गळतीचा संबंध नाही. ती उष्णतेची तक्रार आहे. टर्मिनलचा स्क्रू सैल असेल, वायरच्या तारा पूर्ण आत न जाता काही बाहेर राहिल्या असतील, किंवा वायरच कमी जाडीची असेल. पंप सुरू होतानाच्या क्षणी एमसीबी पडत असेल तर मोटारचा सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या पाच-सात पट असतो हे लक्षात घ्यावे. बी प्रकारची एमसीबी तीन ते पाच पटींच्या दरम्यान लगेच पडते, सी प्रकारची पाच ते दहा पटींच्या दरम्यान, म्हणून मोटार असलेल्या सर्किटला सी प्रकार घेतात.

कळंब्याच्या घरातला हिशेब

त्या घरात एकच ६३ अँपिअरची, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी संपूर्ण घराला होती आणि टबही तिच्यावरच होता. मिलिअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरून लावला (साध्या टोंग टेस्टरवर इतका लहान प्रवाह दिसत नाही), तेव्हा टब पूर्ण सुटा असताना घराची स्वतःचीच गळती ५ मिलिअँपिअर निघाली. फ्रिज, संगणक, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, गीझर यांतून एवढी गळती सर्वसाधारण घरात असते आणि तिच्यात वावगे काही नाही. मग बोर्डापासून गच्चीपर्यंतच्या वायरला दोन्ही टोकांना सोडवून मेगर लावला, तर फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये ०.०५ मेगाओहम, म्हणजे ५० हजार ओहम मिळाले. २३० व्होल्टला ५० हजारांनी भागले की साडेचार मिलिअँपिअर होतात. हीटरचा एलिमेंट वेगळा तपासला, तर तो ०.०२ मेगाओहम, म्हणजे साडेअकरा मिलिअँपिअर. तिन्हींची बेरीज एकवीस. यांतला कोणताही एक दोष एकटा आरसीसीबी पाडण्याइतका नव्हता, आणि म्हणूनच आधी आलेल्या प्रत्येकाने एकेक गोष्ट तपासून "इथे काही नाही" असे सांगितले होते. आरसीसीबी बदलणाऱ्याचे पैसे गेले. अर्थिंग कापणाऱ्याने साडेअकरा मिलिअँपिअर हिशेबातून काढून टाकले, बेरीज दहाच्या खाली आली आणि आरसीसीबी शांत झाली.

ते साडेअकरा मिलिअँपिअर मात्र गेले नव्हते. स्टीलची दांडी ज्या चौकटीला बसवलेली होती त्याच चौकटीला हीटरची धातूची नळीही जोडलेली होती. ओल्या हाताने दांडी धरलेल्या माणसाच्या शरीरातून त्यातला बराचसा प्रवाह जाऊ शकला असता, आणि सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून पकड सोडणे अवघड होते. आबांच्या पायाखाली त्या दिवशी रबरी चटई होती म्हणून त्यांना केवळ झिणझिण्या जाणवल्या. पंधरा मिलिअँपिअरच्या आतल्या अशा प्रवाहाला आरसीसीबी पडेल याची खात्री नसते, याचा विसर पडू देऊ नये. पाण्यात झिणझिणी जाणवणे ही किरकोळ बाब नाही. त्या क्षणी मेन बंद करावा आणि दोष सापडेपर्यंत सुरू करू नये.

अर्थिंगबद्दल आणखी एक गैरसमज मला नेहमी भेटतो : "आमच्याकडे चांगले अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला?" आपल्या भागात अनेक घरांचे अर्थिंग म्हणजे घराजवळ पुरलेला स्वतःचा खड्डा, आणि दोषाचा प्रवाह त्या खड्ड्यातून मातीमार्गे ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे परत जातो. या सगळ्या रस्त्याचा रोध ५ ओहम धरला, आणि तो चांगलाच म्हटला पाहिजे, तर हीटरचा फेज थेट बॉडीला लागल्यावर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह वाहील. ३२ अँपिअरच्या एमसीबीसाठी हा प्रवाह १.४४ पट होतो, आणि मानक असे सांगते की १.४५ पट प्रवाहाला एमसीबीने एका तासाच्या आत पडावे. म्हणजे इथे तासभरात पडण्याचीही हमी नाही, आणि तितका वेळ टबाची बॉडी जिवंत राहील. आरसीसीबी याच दोषाला डोळ्याची पापणी लवण्याच्या आत तोडते. उलट, अर्थिंग नसेल तर आरसीसीबीला माणसाच्या स्पर्शापर्यंत वाट पाहावी लागते. टबापाशी दोन्ही हवेत, आणि दोन्ही चालू स्थितीत हवेत.

वायरची निवड

आता वायरच्या जाडीकडे येऊ, कारण त्या घरातील दुसरा मोठा दोष हाच होता. टबाच्या पाटीवरचे आकडे असे होते : हीटर ३ किलोवॉट, म्हणजे १३ अँपिअर; दोन हॉर्सपॉवरचा जेट पंप सुमारे ९ अँपिअर; ब्लोअर, फिरते पाणी ठेवणारा छोटा पंप आणि दिवा मिळून ४. एकूण २६ अँपिअर, आणि हा भार गीझरसारखा दहा मिनिटांचा नसून सलग तासन्‌तास चालणारा आहे. त्याला गच्चीपर्यंत ३० मीटर अडीच चौरस मिमीची वायर ओढलेली होती आणि पाठीमागे ३२ अँपिअरची एमसीबी.

वायर निवडताना एकच क्रम मनात ठेवावा : भारापेक्षा एमसीबी मोठी, आणि एमसीबीपेक्षा वायरची क्षमता मोठी. भिंतीच्या पाइपमधील दोन पीव्हीसी वायरसाठी, ३० अंश तापमानाला, तांब्याच्या अडीच चौरस मिमीची क्षमता सुमारे २४ अँपिअर, चारची ३२ आणि सहाची ४१ धरतात. गच्चीखालच्या भिंतीत उन्हाळ्यात ४० अंश गृहीत धरले तर या आकड्यांना ०.८७ ने गुणावे लागते, आणि अडीचची क्षमता २१, चारची २८, सहाची ३५ वर येते. अडीचची वायर २६ अँपिअरला मुळातच अपुरी आहे. चारची वायर भार कसाबसा पेलते, पण ३२ची एमसीबी तिचे रक्षण करू शकत नाही, कारण एमसीबी पडण्यापूर्वी वायर तापून जाते. सहाची वायर घेतली की २६, ३२ आणि ३५ असा क्रम बसतो. त्याच पाइपमधून इतर सर्किटच्या वायर जात असतील तर क्षमता आणखी घटते, म्हणून टबाला स्वतंत्र पाइप द्यावा.

व्होल्टेजची घटही याच हिशेबात येते. ३० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबे. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम धरला तर ६० मीटरला ०.४४ ओहम होतो, २६ अँपिअरला साडेअकरा व्होल्ट वाटेतच जातात, आणि त्या वायरमध्ये सुमारे ३०० वॉट उष्णता निर्माण होते. शंभर-शंभर वॉटचे जुने तीन बल्ब भिंतीतल्या पाइपमध्ये सतत पेटते ठेवावेत, तशी ही उष्णता आहे, आणि तिने वर्षभरात पीव्हीसी कडक होऊन तडकते. मग त्या तडकलेल्या जागी पावसाचे पाणी पोहोचले की तेच ०.०५ मेगाओहम मेगरवर दिसतात. सहाच्या वायरला हीच घट पाच व्होल्टच्या आत राहते. अंतर ४० मीटरच्या पुढे जात असेल तर मी सरळ दहाची वायर सुचवतो.

वायरच्या वेष्टनावर एफआर लिहिलेले असते ते पाहून पुष्कळ जण ती पाण्यालाही चालेल असे समजतात. एफआर म्हणजे ज्वाला पसरू न देणारी; तिचा पाण्याशी संबंध नाही. पाइपमधल्या अशा सुट्या वायर घराच्या आतपर्यंत ठीक आहेत. अंगणातून किंवा उघड्या गच्चीवरून जायचे असेल तर आर्मर्ड केबल घ्यावी, तिची लोखंडी जाळी दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये पकडून अर्थिंगला जोडावी, आणि ती जमिनीत पुरायची असेल तर पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि वर विटांचा थर देऊन पुरावी, म्हणजे पुढे कोणी झाडासाठी खड्डा घेतला तर कुदळ आधी विटेला लागेल. घेताना वायरवर आयएस ६९४ आणि केबलवर आयएस १५५४ किंवा आयएस ७०९८ हे क्रमांक छापलेले आहेत ना, हे पाहावे. लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत घासाघीस करून चार पैसे वाचवण्याची आपली रीत असली, तरी या एका खरेदीत ती बाजूला ठेवावी, कारण अर्धवट तांब्याची वायर बाहेरून ओळखू येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण टबाची टर्मिनले तांब्याच्या वायरसाठी असतात आणि ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना खातात. टबासाठी तांबेच घ्यावे.

बोर्डापासून टबाच्या आयसोलेटरपर्यंत (टबाचा पुरवठा पूर्ण तोडणारा, टबाजवळचा स्विच) वायरला मध्ये एकही जोड नसावा, ही माझी अट असते. एका सैल जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम असला तरी २६ अँपिअरला तिथे जवळजवळ ६८ वॉट उष्णता तयार होते, आणि ती एवढ्याशा जागेत. टर्मिनलमध्ये शिरणाऱ्या टोकाला योग्य मापाची थिंबल (वायरच्या टोकावर बसणारी धातूची नळी) दाबून बसवावी. बोटांनी पिळून खोचलेली वायर सहा महिन्यांत सैल पडते.

टबाची आरसीसीबी घराच्या आरसीसीबीपासून स्वतंत्र आणि ३० मिलिअँपिअरची असावी. घराच्या मुख्य आरसीसीबीच्या खाली तिला जोडले, तर दोष आल्यावर कोणती आधी पडेल याचा नेम राहत नाही. टबाच्या कंट्रोलमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड किंवा वेग बदलणारा पंप असेल तर आरसीसीबी ए प्रकारची घ्यावी. दुकानात सहज मिळणारी एसी प्रकारची स्वस्त असते, पण इलेक्ट्रॉनिक कार्डातून गळणारा एकाच दिशेने ठोके देणारा प्रवाह तिला नीट दिसत नाही. तिच्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. पडली नाही तर ती तातडीने बदलावी.

आयसोलेटर टबातून दिसेल अशा जागी असावा, पण पाण्यात बसलेल्या माणसाचा हात पोहोचणार नाही इतका लांब. टबाच्या काठापासून २ मीटरच्या आत साधा प्लग किंवा स्विच नसावा, आणि त्यापुढच्या दीड मीटरमध्ये जे काही असेल ते आरसीसीबीच्या संरक्षणाखाली व उघड्या जागेत पाण्याचे शिंतोडे सोसणारे असावे. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच असावा आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर या अंतराच्या बाहेर. दांडी, शिडी, शेडचे लोखंडी खांब, जवळचा पाण्याचा लोखंडी पाइप, या सर्वांना किमान चार चौरस मिमी तांब्याच्या वायरने एकमेकांशी आणि अर्थिंगशी बांधून टाकावे, म्हणजे दोष आला तरी दोन वस्तूंमध्ये व्होल्टेजचा फरक राहत नाही आणि एक हात दांडीवर व दुसरा खांबावर असलेल्या माणसाला धक्का बसत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्याबाबत कोल्हापूरची जमीन सगळीकडे सारखी नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत ओल टिकते आणि रोध कमी मिळतो, पण हीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते, म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याची सोय ठेवावी. पन्हाळ्याच्या बाजूला जांभा आणि खाली काळा कातळ लागतो. तिथे अडीच मीटरचा पाइप सरळ उतरतच नाही, एका खड्ड्यावर विसंबून चालत नाही आणि दोन-तीन खड्डे एकत्र जोडावे लागतात. पावसाळ्यात मोजलेला रोध पाहून समाधान मानू नये. मे महिन्यात मोजावा.

परदेशातून आणलेल्या टबांविषयी थोडक्यात. अमेरिकेसाठी बनवलेल्या टबाला १२०-१२० व्होल्टचे दोन फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा चार वायर लागतात, आणि त्यातले काही भाग १२० व्होल्टवर चालतात. "दोन फेज हवेत" हे वाचून आपल्याकडच्या थ्री फेजमधून दोन फेज जोडले, तर त्याला ४०० व्होल्टच्या पुढे मिळतात आणि टब पहिल्या क्षणी जळतो. शिवाय तिथली ६० हर्ट्झची मोटार आपल्या ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि तापते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे पाटीवर लिहिलेला टबच घ्यावा. तसेच पाच-सहा किलोवॉटचा नवा भार घरात येतो आहे हे महावितरणला कळवून मंजूर भार वाढवून घ्यावा, नाहीतर मीटरपर्यंतची जुनी सर्व्हिस वायरच प्रथम तापते.

पूररेषेजवळच्या घरांसाठी एक सूचना. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा टबाचा आयसोलेटर आणि बोर्डातील एमसीबी दोन्ही बंद करावेत. ४३ फुटांची धोका पातळी येण्याची वाट पाहू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर पाण्यात बुडालेल्या आरसीसीबी आणि एमसीबी उन्हात वाळवून पुन्हा लावलेल्या मी पाहिल्या आहेत. आतल्या स्प्रिंगवर बसलेला गाळ वाळून जातो, निघून जात नाही, आणि गरजेच्या क्षणी खटका अडकतो. बुडालेले प्रत्येक उपकरण बदलावे.

कळंब्याच्या घरी आम्ही तळमजल्यावरून सहाची तीन गाभ्यांची तांब्याची आर्मर्ड केबल बाहेरच्या भिंतीवरून क्लॅम्पने वर नेली, ए प्रकारची स्वतंत्र आरसीसीबी, ३२ अँपिअरची दोनपोली सी एमसीबी आणि शेडच्या खांबामागे झाकणाचा आयसोलेटर बसवला, दांडी आणि खांब तांब्याने बांधले, आणि कापलेल्या अर्थिंगच्या जागी नवीन थिंबल दाबली. केबलचा मेगर आता १०० मेगाओहमच्या पुढे दाखवतो. हीटरचा एलिमेंट दोन दिवस वाळवल्यावर ०.०२ वरून ३ मेगाओहमवर आला. नळीवर क्षाराचा थर फारसा नव्हता, त्यामुळे तूर्त तो ठेवला आहे. टबाची एकूण गळती सध्या २ मिलिअँपिअरच्या आत आहे. हे सगळे आकडे तारखेसह बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवले असून, पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस लागून गेल्यावर एलिमेंट पुन्हा मोजायचा आणि तो १ मेगाओहमच्या खाली आढळला तर आबा टबात उतरण्याआधी बदलायचा, असे वहिनींशी ठरले आहे.